मागच्या खोलीचं कुलूप

चिखलीतल्या सोसायटीच्या गेटबाहेर शेकोटी पेटली की दादासाहेब कानटोपी ओढून येऊन बसतात. सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांचीच. सेकंड शिफ्ट करून आलेली अजिंक्य आणि रविराज ही पोरं घरी जायचं सोडून त्यांच्या शेजारी टेकतात. त्या रात्री अजिंक्यच्या बहिणीला मुलगा झाल्याचे पेढे फिरले, आणि दादासाहेबांना भैरू आठवला.

"चाकणच्या कंपनीची बस चालवतो, त्यो भैरू. खोटं बोलायचा माणूस न्हाई," ते म्हणाले, आणि सांगू लागले.

गोष्ट मागच्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारची. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. भैरू भोसरीच्या दवाखान्यातून दुचाकीवर घरी निघाला होता, जुनेर आणायला. बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं लुगडं लागतं. गडबडीत ते ट्रंकेतच राहून गेलं होतं.

त्याची लेक प्राजक्ता पहिलटकरीण. आदल्या दुपारपासून कळा देत होती. भैरूने रात्र दवाखान्याच्या बाकड्यावर काढली, पहाटे ड्युटीवर गेला, ड्युटीवरून परत त्याच बाकड्यावर. सिग्नलला उभ्या गाडीवर त्याला डुलकी लागली, तेव्हा मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारून जागं केलं.

निघताना बायको शालनबाई म्हणाली होती की पोर अडलीय, घरातली कुलपं उघडून या. जुनी रीत आहे ही. बाई अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, कुलपं काढायची, डब्यांची झाकणंसुद्धा सैल करायची. घर मोकळं तर बाई मोकळी.

भैरूने ट्रंक उघडली. कपाट उघडलं, देवघराचा खण, भाडेकरूंच्या जिन्याचं गेट. गाडीची डिकीसुद्धा सोडली नाही.

"चोरांची चंगळच की," अजिंक्य म्हणाला.

"चोराच्या घरीबी बाया बाळंत होत्यात. गुमान ऐक."

एक कुलूप मात्र राहिलं.

पुढे स्लॅबचे तीन मजले चढले होते, तरी मागची पत्र्याची खोली भैरूने पाडली नव्हती. भाडेकरूंनी विचारलं की आत भंगार आहे म्हणायचा. त्या खोलीत त्याची थोरली बहीण चतुरा पहिल्या बाळंतपणाला आली होती. तीन दिवस अडली. बाळ पोटातच राहिलं, आणि ती गेली. भैरू तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. अशी गेलेली बाई अळवंत होते, दुसऱ्याच्या तान्ह्यात तिचा जीव गुंततो, असं म्हणतात. म्हणून तेराव्यानंतर आईने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली भैरूकडून इंद्रायणीत टाकवली. त्यानंतर त्या दाराला कुणी हात लावला नाही.

जुनेर पिशवीत घालून तो निघणार, तोच शालनबाईचा फोन आला. बाळाचे ठोके कमी होत होते. ऑपरेशनची तयारी चालली होती. डॉक्टर शब्द द्यायला तयार नव्हते, ना आईचा, ना बाळाचा.

"समदी उघडली?" तिने विचारलं.

भैरूने मागच्या दाराकडे पाहिलं.

"अवो..."

"एक सोडून."

पलीकडे कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या.

"ती बाहेर आली तर?" भैरू म्हणाला. "बाळावर आली तर?"

"येऊ द्या." शालनबाईचा आवाज इतका थकला होता की त्यात भीतीलाही जागा उरली नव्हती. "मी दोन दिस पोरीच्या कळा बघतीय. तुमची आक्का इतकी वर्सं त्येच सोसत आसंल. उघडा."

भैरू पहार घेऊन मागे गेला.

जिन्यातला दिवा तिथवर पोचत नव्हता. शेजारच्या वर्कशॉपमधलं मशीन थांबलं होतं. त्याने दाराला कान लावला. लावायला नको होता.

आत कुणीतरी श्वास धरून होतं.

कळ आल्यावर बाई धरते, तसा... सोडला... पुन्हा धरला. दोन दिवस दवाखान्याच्या पडद्याआडून त्याने हेच ऐकलं होतं.

पळायलाही अंगात बळ लागतं. ते नव्हतं.

त्याने पहार कडीत घातली. एक हिसका. दुसरा. गंज हातावर सांडला.

"आक्के," तो म्हणाला, "सुट आता..."

कडी निघाली.

दार आपलं आपण हातभर सरकलं. आत अंधार... ओव्याच्या धुरीचा वास... भैरूने मान वर केली नाही. नजर उंबऱ्यावर.

आतून एक श्वास आला. लांब. डोक्यावरचा भारा खाली टाकणाऱ्या माणसाचा.

मग... काही नाही.

फोन वाजला तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता. कधी बसला, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. मुलगी झाली होती. टेबलावर घेतलं तोवर प्राजक्ता आपली आपण सुटली, चाकू लावायची वेळच आली नाही. बाळ रडलं होतं. भैरू ‘बरं’ म्हणाला. तिथेच त्याचा डोळा लागला.

"आणि दादा, अळवंत?" रविराजने हळूच विचारलं. "पोरीला काही...?"

"न्हाई. नात आता भिंत धरून उभी ऱ्हातीया. गुटगुटीत हाय."

दादासाहेबांनी शेकोटीत एक काटकी सारली.

उजाडल्यावर भैरूला जाग आली. दार उघडंच होतं, आणि उन्हाची तिरीप आत गेली होती. जमिनीवर धूळ साचलेली, सायीसारखी जाड. तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. कोपऱ्यात चतुराची बाज होती, बाजेवर तिची गोधडी, गोधडीवर तशीच धूळ. पण त्या धुळीत खळगा पडला होता. कुशीवर निजलेल्या बाईचा... खांदा, कंबर, दुमडलेले गुडघे.

आणि तिच्या छातीशी, वीतभर लांब, दुसरा.