गोड र्याबिना आणि प्रोखोरकाकाची दाढ

"आजोबा, थांबा!" ग्लाशा किंचाळली, पण उशीर झाला होता. येर्मोलाय आजोबांची मूठ शेजारच्या पान्तेलेयच्या नाकावर दाणकन बसली! पान्तेलेयनं हातातली बादली आजोबांच्या टाळक्यात घातली, आणि बादलीतली र्याबिनाच्या झाडाची मण्यांएवढी लालभडक फळं पांढऱ्या दहिवरावर अशी उधळली, की रक्त कुठलं आणि फळ कुठलं, कळेना!

चाळीस वर्षांचे दोस्त हे! पण आजोबांच्या बागेतली गोड र्याबिनाची पाच झाडं काल कुणीतरी मधोमध मोडली होती, आणि कुंपणापलीकडे घर होतं ते फक्त पान्तेलेयचं.

"उद्या न्याहारी झाली की कुऱ्हाड घेऊन येतो!" आजोबा गरजले.

"ये की! माझी काही बोथट नाही!"

दोघं बोलले की करतातच, हे ग्लाशाला पक्कं ठाऊक होतं. शरदाच्या सुट्टीचे चार दिवस उरले होते, आजोबांचे कदाचित एकच! ती धाकट्या भावाला, तिमोश्काला, घेऊन पान्तेलेयच्या नातीकडे, उस्त्याकडे, धावली.

"माझे आजोबा? र्याबिना मोडतील?" उस्त्या उसळली. "र्याबिना मोडली की दाढ किडते म्हणून ते तिची फांदीसुद्धा ओढत नाहीत!"

"तसं तर सगळं गावच मानतं," ग्लाशा म्हणाली, आणि तिचे डोळे चमकले. "म्हणजे मोडणाराही मानत असणार!"

दुपारी दुकानापुढे पावासाठी अख्ख्या गावाची रांग लागली, तेव्हा तिघं नेमकी मधोमध घुसली.

"बिचारा तो र्याबिना मोडणारा! त्याची दाढ आजच ठणकायला लागणार!" उस्त्या मोठ्यानं म्हणाली.

"उपाय आहे ना," ग्लाशा म्हणाली. "पहाटे आमच्या बागेतल्या सगळ्यात जुन्या र्याबिनापुढे गुडघे टेकायचे, खोडाला मिठी मारायची आणि केलेलं सगळं सांगायचं."

"मोठ्यानं हं!" तिमोश्कानं पुस्ती जोडली. "म्हाताऱ्या झाडाला कमी ऐकू येतं!"

पहाटे तिघं शिडी लावून जुन्या झाडावर चढली आणि दबा धरून बसली. उजाडता उजाडता कुंपण करकरलं. गालाला फडकं बांधलेला, ओंडक्यासारख्या दंडांचा ट्रॅक्टरवाला प्रोखोरकाका!

"माये र्याबिने!" तो गुडघ्यांवर कोसळला. "पुलाचा वळसा नको म्हणून बागेतून ट्रॅक्टर घातला! पाच मोडल्या! पान्तेलेयवर आळ आला, तर मी आपला गप्प! आता दाढ तेवढी सोड!"

तिमोश्काला हसू आवरेना. "फिस्स!"

प्रोखोरनं वर पाहिलं. पुढच्या क्षणी तो झाड असं गदागदा हलवत होता, की तीन गावांतल्या कोंबड्या जाग्या झाल्या असतील! उस्त्या धप्पकन त्याच्या मानेवर पडली आणि तिनं त्याचे दोन्ही कान पिरगाळले. त्यानं तिला झटकून टाकलं, तिमोश्का उतरत होता ती शिडी लाथेनं मोडली आणि खाली आपटलेल्या तिमोश्काचा गळा धरला. "कुणाला बोललास तर नरडं दाबीन!"

तिमोश्का निळा पडला. ग्लाशानं खाली उडी मारली, बुंध्याशी ठेवलेली गोठलेल्या सफरचंदांची टोपली दोन्ही हातांनी गरगर फिरवली आणि प्रोखोरच्या जबड्यावर हाणली. कडाड! दाढ रक्तासकट उडाली, सूं करत कुंपणापार गेली!

नेमके त्याच वेळी दोन्ही म्हातारे कुऱ्हाडी उगारून, न्याहारीचीही वाट न पाहता, बागेत शिरत होते.

प्रोखोर गाल चाचपत नाचू लागला. "थांबली! पाच झाडं मोडल्याचं कबूल केलं आणि दाढेची ठणक थांबली!"

मग त्याचं लक्ष म्हाताऱ्यांकडे गेलं.

कुऱ्हाडी खाली पडल्या ते बरंच झालं. मुठी मात्र शिल्लक होत्या, आणि चाळीस वर्षांत ते दोघं प्रथमच एकाच बाजूनं लढले! प्रोखोर पळायला लागला, की एक पकडायचा आणि दुसरा बडवायचा. दमल्यावर अदलाबदल!

"माझं नाक मोडलंस रे," शेवटी पान्तेलेय धापा टाकत म्हणाला.

"तुझ्या बादलीनं माझ्या टाळक्याला पोचा पाडलाय. चल, फिट्टंफाट!" आजोबांनी त्याला मिठी मारली आणि मग ते मुलांकडे वळले. "शाब्बास रे पोरांनो! आमच्यापेक्षा तुमचं डोकं थोर!" मग खिशातला कलमाचा चाकू काढून त्यांनी ग्लाशाच्या हातात ठेवला. "मोडक्या फांद्यांवरचे डोळे, हे बारके कोंब, अजून जिवंत आहेत. काड्या तू काप. तळघरात वाळूत ठेवू, वसंतात त्यांची कलमं बांधू."

"माझ्याकडच्या रानटी र्याबिनाच्या रोपांवर!" पान्तेलेय म्हणाला.

ग्लाशानं पहिली काडी तिरकी कापली. नव्या झाडांसाठी पाच खड्डे खणायला लावलेला सुजलेला प्रोखोर पहिल्या खड्ड्यातून डोकं वर काढून अदबीनं विचारत होता, "ताई, एवढा पुरे?"

"अजून खोल, काका!"