टाकीतला शिकारी

"आज संध्याकाळी बोकोबाची रवानगी बंदरावरच्या गोदामात!" मामांनी जाहीर केलं. "माझे तीन मासे फस्त केलेत चोरानं!"

भिंगरीनं बोकोबाला जवळ ओढलं. सुट्टीत मामांकडे ती निम्मी तर बोकोबासाठीच यायची.

"पण मामा, टाकीवर झाकण होतं ना!"

"त्या लबाडाला सगळं जमतं!"

दुपारी मोठी माणसं घोरायला लागली. भिंगरीनं आणि मामांच्या मुलानं, ढब्बूनं बोकोबाला न्हाणीघरात कोंडलं आणि पडदे ओढून दोघं काचेच्या टाकीसमोर बसली. आत समुद्राचं पाणी, वाळू आणि उरलेला एकुलता एक मासा. शिवाय मामांनी खडकांतून आणलेला तपकिरी नक्षीचा देखणा शंख.

"भिंगरे, शंख हलला!"

"तुझं डोकं हललंय!"

पण शंख खरंच सरकत होता! त्यातून एक बारीक नळी बाहेर आली आणि हळूहळू माशापाशी पोचली. टच्च! मासा जागच्या जागी ताठ झाला. मग शंखातून पिशवीसारखं तोंड पसरलं आणि अख्खा मासा आत गेला.

"बाप रे! याला धड पळता येत नाही, पोहता येत नाही..." ढब्बू कुजबुजला.

भिंगरीच्या अंगावर काटा आला. भीती वाटत होती, पण नजर हटत नव्हती. शंखातली इतकी हळू, इतकी सुंदर गोगलगाय, आणि असली शिकारी!

"झोपला नाहीत होय रे?" मागून मामा आले. "तो शंख काढतो. मामीच्या टेबलावर शोभेल." त्यांनी बाही सारून पाण्यात हात घातला.

"मामा, हात काढा!" भिंगरी त्यांच्या कोपराला लोंबकळलीच!

आरडाओरडा ऐकून मामी धावत आल्या. त्या दवाखान्यात नर्स होत्या. ढब्बूनं सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, विषारी आहे ती! तिच्या दंशानं माणूस जातो, आणि त्यावर उतारा नाही!"

मामांचा हात आपोआप खिशाकडे गेला. "मी तर तिला... शर्टाच्या खिशात घालून आणलं."



मग लांब दांड्याच्या डावानं मामींनी तिला बादलीत घेतलं. ओहोटीला सगळ्यांनी मिळून तिला खडकातल्या डबक्यात सोडलं. ती सावकाश वाळूत शिरली. क्षणात तिथे काही होतं असंही वाटेना! भिंगरी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. या एवढ्याशा डबक्यात आणखी कोण कोण असेल?

"पोरांनो, आज तुमच्यामुळे वाचलो," मामा म्हणाले.

"अगं बाई, बोकोबा!" भिंगरी ओरडली.

सगळे धावत घरी आले, तर न्हाणीघरात एकच हलकल्लोळ चालला होता. मामांनी दार उघडलं आणि चक्क हात जोडले. "बोकोबा, चुकलो!"

बोकोबानं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेपटी ताठ करून तो थेट दारापाशी बसलेल्या भिंगरीच्या मांडीवर जाऊन बसला.