उभ्या गाडीचं ऑइल

सिस्टरांचे पाय हल्ली घरी आल्यावरही चालतच राहायचे. त्या खुर्चीत टेकलेल्या असायच्या, समोर चहा निवत असायचा, पण पोटऱ्यांमध्ये वॉर्डातली ये-जा चालू. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. पेशंट म्हणत, इमारतीतले शेजारी म्हणत, आणि नवरा होता तोवर तोही चिडवायला तेच म्हणायचा. त्याला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. मागे राहिली होती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी लेक, आणि त्याची करडी गाडी.

त्या गाडीत एका सकाळी पिवळा दिवा लागला. सुट्टीचा दिवस होता. झोप काढायची सोडून सिस्टर गाडी घेऊन गॅरेजला गेल्या. गॅरेजवाले त्यांच्या नवऱ्याचे शाळेपासूनचे मित्र, म्हणून त्या त्यांना भाऊजी म्हणत.

"भाऊजी, ऑइल बदला म्हणतोय हा."

भाऊजींनी डोकं आत घालून पडद्याकडे पाहिलं. ऑइल लाइफ, म्हणजे ऑइलचं उरलेलं आयुष्य, पंधरा टक्के.

"वहिनी, परवा-परवा तर बदललं की! आकडा शंभरावर आणायचं विसरलो की काय मी? नवं ऑइल घातलं तरी ह्याला कळत नाही, आपण सांगावं लागतं. नाहीतर हा बसतो जुनंच तुणतुणं वाजवत."

त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइल बघायची पट्टी ओढून काढली आणि फडक्यावर पुसली. फडक्यावर काळाकुट्ट डाग पडला. करपल्याचा वास आला. भाऊजींचं हसू मावळलं.

"विसरलो असतो तर ऑइल स्वच्छ निघालं असतं. हे तर जळलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आकडा खरा आहे. हा काही ऑइल चाखून बघत नाही, वहिनी. इंजिन किती फिरलं, किती तापलं, गारठलेलं असताना किती वेळा सुरू केलं, त्यावरून अंदाज बांधतो." ते बोलता बोलता किलोमीटर बघायला वाकले, आणि तसेच वाकून राहिले. "गाडी तर फारशी हिंडलेलीच नाही. इंजिन चालतंय आणि गाडी जागची हलत नाहीये. कुणीतरी सुरू ठेवून आत बसतंय. रोज. बराच वेळ."

"पेट्रोल तर नेहमीइतकंच लागतंय."

यावर भाऊजी फडकं चुरगळत उभे राहिले.

गाडी सुरू ठेवून आत बसायची सवय कुणाची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. सिस्टरांचे 'हे' रोज संध्याकाळी त्यांना न्यायला हॉस्पिटलवर यायचे. सिस्टरांचा पाय काही वेळेवर निघायचा नाही; कुणाचं सलाइन, कुणाचा ताप, कुणी नवीन दाखल. हे खाली एसी लावून, इंजिन चालू ठेवून वाट बघत बसायचे. 'अरे, अशानं इंजिनाचं वाटोळं होईल,' म्हणून भाऊजी कितीदा करवादले होते. त्या शेवटच्या संध्याकाळी सिस्टर खाली आल्या तेव्हाही इंजिन चालूच होतं. हे डोकं मागे टेकून बसलेले, डुलकी लागल्यासारखे. काचेबाहेरूनच सिस्टरांना समजलं. इतकी वर्षं त्याच कामात गेली होती, समजणारच. तरी त्यांनी आधी काचेवर टकटक केलं होतं.

घरी येऊन त्यांनी लेकीला विचारलं, "अगं, गाडीत जाऊन बसतेस का तू? बाबांची आठवण येते म्हणून?"

लेक ताटं मांडता मांडता थांबली. "मला गाडी सुरू तरी करता येते का, आई? आणि किल्ली तुझ्या पर्समध्ये, पर्स तुझ्या उशाशी." मग जरा नरमाईनं म्हणाली, "तूच बंद करायला विसरत असशील. दुसऱ्यांच्या ड्यूट्या अंगावर घेतेस, उभ्या उभ्या पेंगतेस. कशाला गं? घर खायला उठतं म्हणून?"

 लेकीचं म्हणणं सिस्टरांना पटलं. इतकं थकल्यावर माणूस काय काय विसरतो, ते त्यांनी वॉर्डात पाहिलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी हॉस्पिटलच्या आवारात लावली, इंजिन बंद केलं, दारं ओढून ओढून पाहिली आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. भाऊजींकडे ऑइलचा डबा यायचा होता, त्यामुळे आकडा अजून पंधराच होता.

दिवस रोजच्यासारखाच रेटला. ड्यूटी संपायच्या सुमाराला वॉर्डातल्या एका मैत्रिणीनं गळ घातली, "सिस्टर, आज माझी ड्यूटी जरा बघाल का?" आणि सिस्टर सवयीनं हो म्हणाल्या. चादरी आणायला त्या कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या. त्या खोलीची खिडकी आवाराकडे उघडते. बाहेर दिवेलागण झाली होती. भेटायला आलेले लोक पांगत होते. गाड्यांच्या रांगेत एकाच गाडीचे मागचे दिवे लाल पेटलेले होते, आणि तिच्या सायलेन्सरमागची हवा उन्हात थरथरते तशी थरथरत होती.

करडी गाडी.

सिस्टरांनी खिशात हात घातला. किल्ली होती. मुठीत घट्ट धरून त्या जिना उतरल्या. माणसांमधून, स्ट्रेचरशेजारून, दारातून बाहेर. जवळ जाईतो इंजिनाची संथ घरघर ऐकू यायला लागली. मग वास आला. तापलेल्या, दमलेल्या तेलाचा. सगळ्या काचा कोरड्या होत्या. ड्रायव्हरच्या बाजूची तेवढी आतून धुरकटली होती, कुणी फार वेळ श्वास सोडत बसावं तशी.

त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. चटका बसला. आणि त्याच क्षणी इंजिन थांबलं. बोलणाऱ्यानं कुणी आलंसं पाहून गप्प व्हावं, तसं.

आत कुणी नव्हतं.

पळून जायला हवं होतं. पण पळायला पायांत त्राण लागतं, आणि ते वॉर्डातच संपलेलं. सिस्टर दार उघडून आत बसल्या. किल्ली लावली. पडद्यावर आकडा उजळला. अकरा टक्के. निवत चाललेलं लोखंड कुठेतरी टक्... टक्... करत होतं.

"अहो..." त्या म्हणाल्या.

टक्... टक्...

"इंजिन जाईल ना अशानं..." त्यांनी आकड्यावर बोट टेकलं. "मी येते आता वेळेवर. खरंच येते. असं ताटकळत नका बसू..."

टक् टक् थांबली.  मग वर जाऊन त्यांनी मैत्रिणीला सांगितलं, की मला आज जमणार नाही, आणि यापुढेही जमणार नाही.

भाऊजींनी नवं ऑइल घातलं, आकडा शंभरावर आणला. "आता वीस-पंधरावर आला की या, शून्याची वाट बघू नका. आणि नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. ऑइल गळून कमी झालं तर ह्याला पत्ता लागत नाही. मधूनमधून दाखवत जा."

त्यानंतर सिस्टर वेळेवर निघायला लागल्या. घड्याळाकडे बघून एप्रन काढणारी सिस्टर वॉर्डानं पहिल्यांदाच पाहिली. घरी गरम जेवण व्हायला लागलं. मायलेकी गप्पा मारता मारता झोपी जायला लागल्या. पोटऱ्यांमधली ये-जा थांबली. गाडीत बसताना आकडा रोज दिसायचा. शंभर. सिस्टरांना वाटायचं, चला, ह्यांनी ऐकलं एकदाचं.

मग एका सुट्टीच्या सकाळी, भाऊजींचं सांगणं आठवून, त्या लेकीला घेऊन गॅरेजला गेल्या. ऋतू पालटला होता एव्हाना.

भाऊजींनी पट्टी काढली. फडक्यावर मधासारखा सोनेरी थेंब उतरला.

"वा! गाडी बंदच ठेवली होती वाटतं?"

"बंद कशाला? रोज ड्यूटीला नेते की."

"काहीतरीच काय, वहिनी. हे ऑइल वापरलेलंच नाहीये." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. किलोमीटर पाहिले. आतून वायर आणून इंजिनाच्या नोंदी वाचायचं आपलं यंत्र जोडलं आणि चष्मा वर सरकवून कितीतरी वेळ त्यात बघत राहिले.

"मी आकडा शंभरावर आणला, त्यानंतर तुम्ही गाडी घरी नेलीत," ते हळूच म्हणाले. "त्यानंतर इंजिन सुरू झालंय ते थेट आज सकाळी. इथं यायला. मधे... एकदाही नाही."

"असं कसं होईल काका?" लेक म्हणाली. "मी रोज गॅलरीतून बघते ना. गाडी आत येते, आई उतरते..." ती थांबली. "आई, पण आवाज... हल्ली गाडीचा आवाज नाही गं येत."

दोघंही सिस्टरांकडे बघायला लागले.

सिस्टर आठवत होत्या. रोजचं जाणं-येणं त्यांना लख्ख आठवत होतं. सिग्नलपाशी लागणारं फुलांचं दुकान, पुलावरचा वारा, वळणावरची शाळा. अंगभर भिनलेला थकवा, आणि डोळे मिटले तरी चालतील असं काहीतरी. फक्त हातात स्टिअरिंग धरल्याचं एकाही दिवसाचं आठवेना. दुकान, पूल, शाळा... सगळा रस्ता आठवत होता तो शेजारच्या सीटवरून.