तिसरी रेघ

लाइट येईपर्यंत सांगतो, पोरांनो. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. प्रशील माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, तेव्हा यातलं ऐकीव काही नाही.

धुळ्यात खोली घेऊन तो घरोघर माहिती गोळा करायचं काम करायचा. गेल्या मार्गशीर्षात त्याला शिरपूरच्या वरचं, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव मिळालं. वाट आखून दिलेली. वायव्य कोपऱ्यातून निघायचं, उजव्या हाताची घरं धरायची, दर पाचव्या घरी विचारायचं. घर बंद असलं तर दारावर खडूची रेघ, खाली तारीख. वेगवेगळ्या दिवशी तीन फेऱ्या, तीन रेघा. मगच ते घर सोडायचं.

माणसं दिवसभर कापूस वेचायला, म्हणून फिरायचं अंधार पडल्यावर. अमावस्येचा गुरुवार, रात्रीचे पावणेआठ. एकच घर उरलेलं, त्यालाही कुलूप. आठला शेवटची बस. सकाळी कागद दिले नाहीत तर काम जाणार, आणि माझ्या बहिणीची चूल त्याच कामावर पेटायची. शहाण्यानं एका दमात तीन रेघा ओढल्या. खाली तीन खोट्या तारखा टाकल्या.

तो वळला.

दाराआडून आवाज आला. "येकदाच उना ना, भाऊ...?" एकदाच आलास ना, म्हणे.

कुलूप बाहेरून. गंजलेलं.

"माले बी लिख ना..."

तो पळाला. थांब्यावर टपरीवाल्या सुगंधाबाईनं पाणी दिलं. म्हणाली, "त्या घरमा कोनीच नही शे. म्हतारी मरनी तव्हयपाईन कुलूपच शे. बठ्ठासनी वाट दखे बिचारी. कोनी उनं नही." म्हणजे सगळ्यांची वाट बघायची म्हातारी, कुणी आलंच नाही.

परत जावं, असं त्याला वाटलं. पण बस आली. तो चढला. कागद दिले, काम टिकलं.

शुक्रवारी रात्री त्याच्या खोलीच्या दारावर खडूची एक रेघ. कुणाची तरी मस्करी, म्हणून त्यानं पुसली. शनिवारी दोन... त्याही पुसल्या.

रविवारी कुलूप लावून तो इथं फैजपूरला आला. "देवचंदमामा, आज तुमच्याकडे झोपू?" याच खाटेवर निजला. निजला कसला, रात्रभर टक्क जागा. मीही. काही झालं नाही.

सकाळी दोघं धुळ्याला गेलो. दार पाहिलं. कोरं. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.

त्यानं कुलूप काढलं. आत गेलो. दार लोटलं.

रेघा आतल्या बाजूला होत्या.

तीन. प्रत्येकीखाली तारीख.

शुक्रवारची... शनिवारची... रविवारची.

तिन्ही खऱ्या.