उमरग्याचा मुक्काम

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या दिवशी रानाजवळून जाणाऱ्या माणसाला जेवल्याशिवाय पुढं सोडायचं नाही, ही बेंबळीची रीत. तो ओळखीचा असो नसो, पायी असो की गाडीत. त्या वर्षी तो फटफटीवर होता, एवढंच.

शिवलिंगप्पांनी बांधावर उभं राहून उपरणं हलवलं तसा तो थांबला. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या, अंगात खाकी कोट, आणि खाली ती काळी फटफटी... लढाई संपल्यावर सोलापुरात लष्कराच्या मालाचा लिलाव झाला, त्यातली. जेवायला बसलेली सगळी माणसं उठून तिच्याभोवती जमली. शिवलिंगप्पांची लेक शरणम्मा तेवढी उठली नाही. हातात आंबिलीचं भांडं होतं म्हणून, असं तिनं नंतर सांगितलं. खरं म्हणजे त्या गाडीकडं तिला इतकं बघावंसं वाटत होतं, की तिची तिलाच लाज वाटली.

"कल्याणीला जायचा रस्ता हाच का?" त्यानं आंबील पिता पिता विचारलं.

"बैलांचा हाच," शरणम्मा म्हणाली. "पुढं करडईच्या रानातनं जातोय. काटं लई. चाक फुटंल."

"मग काय करायचं?"

"मग काय... परत जेवायला यायचं."

बायका हसल्या. त्यानं पहिल्यांदाच भांड्यावरून नजर वर करून तिच्याकडं नीट बघितलं, आणि आणखी आंबील मागितली.

त्याचं नाव महांतप्पा. ढोकीच्या वीरप्पांचा धाकटा, लातूरला जिनिंगमध्ये फिटर. महिन्याभरानं त्याला पाच दिवसांची रुखसत, म्हणजे रजा मिळणार होती, आणि तेवढ्यात त्याला हिंडून यायचं होतं. बेंबळीवरून निघायचं, नळदुर्ग, उमरगा, कल्याणी करून औशावरून परत.

"काम काय तिथं?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"काम न्हाय. बघायचं नुसतं."

कामाशिवाय हिंडणारा लिंगायत शिवलिंगप्पांनी जन्मात पाहिला नव्हता. पण पोरगा त्यांना आवडला. म्हणाले, "बाजारच्या दिवशी दुकानाकडं या. ह्या समद्या वाटा म्या बैलगाडीनं तुडवल्यात."

तुडवल्या होत्या खऱ्या, पण लक्षात होत्या त्या शरणम्माच्या. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची. मग बाप कापडाचे गठ्ठे घेऊन बाजारोबाजार हिंडायचा, तेव्हा ती त्या गठ्ठ्यांवर बसलेली असायची. कुठल्या विहिरीचं पाणी मचूळ, कुठं उतार, कुठं सावली, सगळं तिला पाठ. तेरावं लागलं आणि तिला घरात बसवलं. त्याला आता सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत तिनं बेंबळीची शीव ओलांडली नव्हती.

महांतप्पा आला. शिवलिंगप्पा रस्ता सांगू लागले, की आतून दाराआडून आवाज यायचा, "तसं न्हाय, आप्पा. तो पूल नव्हं, नुसता दगडी सांडवा हाय." तिसऱ्यांदा असं झाल्यावर शिवलिंगप्पा वैतागून म्हणाले, "मग तूच ये अन् सांग की!" आणि ती बाहेर आली. त्यानंतर चार बाजार महांतप्पा आला. रस्ता काही इतका लांबचा नव्हता.

"नळदुर्गला नदी किती खोल?" तो विचारायचा.

"सकाळी गुडघाभर."

"अन् दुपारी?"

"दुपारी म्हशी बसत्यात. त्यांलाच विचारा."

एकदा शिवलिंगप्पा गिऱ्हाइकाला कापड फाडून देत होते, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "फटफटीवर मागं बसलेलं माणूस पडत न्हाय?"

"घट्ट धरून बसलं तर न्हाय पडत."

"कशाला धरायचं?"

महांतप्पाचे कान लाल झाले. "गाडीला."

तिनं हसू दाबलं ते काही नीट दाबलं गेलं नाही. शेवटच्या बाजारी तो निघताना उंबऱ्याशी घुटमळला.

"ही खेप एकट्याची," तो म्हणाला. "रस्ता कसा हाय, बघून येतो. दुसरी श्रावणात करू. नळदुर्गच्या किल्ल्यातनं तवा पाणी पडतंय म्हणालीस न्हवं?" अहोजाहो करणारा तो, पहिल्यांदाच अरेतुरेवर आला होता. "आल्या आल्या आप्पास्नी विचारणार हाय."

"काय विचारणार?"

"रस्ता," तो म्हणाला, आणि दोघंही हसली. सात वर्षांत शरणम्मा इतकी सुखी कधी नव्हती.

चार मुक्काम ठरले. जळकोट, उमरगा, कल्याणी आणि औसा. चारही ठिकाणी ओळखीची घरं, आणि प्रत्येक घराला शिवलिंगप्पांची चिठ्ठी. त्यांचे डोळे अधू झाल्यापासून पत्रं शरणम्माच लिहायची; मठातल्या अय्यांनी, म्हणजे स्वामींनी तिला अक्षर शिकवलं होतं. तीन चिठ्ठ्या दोन-दोन ओळींच्या झाल्या. आपला माणूस आहे, पाहुणचार करावा. चौथी उमरग्याला, चन्नबसप्पांना. ते तिचे सख्खे मामा. मामाच्या होकाराशिवाय भाचीचं लग्न ठरत नसतं, आणि चन्नबसप्पा तर नाक मुरडण्यात पटाईत. तेव्हा त्यांना तो आधीच आवडून जावा म्हणून तिनं मन लावून लिहिलं. मुलगा ढोकीच्या वीरप्पांचा. घरचं रान, हाती नोकरी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, लिंगपूजा चुकवत नाही. लग्न व्हायचं आहे. एकदा नजरेखालून घालावा.

कुणासाठी, ते तिनं लिहिलं नाही. बापाच्या नावानं लिहिलेल्या चिठ्ठीत मुलगी स्वतःचं नाव कसं घालणार? मामांना कळेल, असं तिनं धरून चाललं. शिवलिंगप्पांनी न वाचताच सही केली. मामांना महादेवी नावाची उपवर मुलगी आहे आणि "दाजी, आमच्या पोरीला स्थळ बघा" म्हणून ते दोन वर्षं आप्पांच्या मागं लागलेत, हे त्या क्षणी तिच्या ध्यानातच आलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला जगात आणखी कुणाला मुली आहेत हे सुचत नाही.

तो गेला. ती रोज मनातल्या मनात त्याच्यासोबत एकेक मुक्काम करत होती. आज जळकोट. आज उमरगा. आज कल्याणी. पाचव्या दिवशी तिनं सकाळपासून अंगण दोनदा झाडलं. तो आला नाही. सहाव्या दिवशीही नाही. दहाव्या दिवशी आले ते चन्नबसप्पा मामा, साखरेचा पुडा घेऊन.

"दाजी, पोरगं धाडलंत ते सोनं धाडलंत!"

"म्या? कुणाला धाडलं?"

"आता काय म्हणावं! ही तुमचीच चिठ्ठी न्हवं?" मामांनी ती खिशातून काढली. महांतप्पाला त्यांनी तीन दिवस ठेवून घेतलं होतं. ढोकीहून वीरप्पांना बोलावून घेतलं, साखरपुडा उरकला, लग्न वैशाखात.

शिवलिंगप्पांनी चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली. वाचता काही आली नाही. मग त्यांनी लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि तिथं सगळं वाचलं.

"मामा," शरणम्मानं विचारलं, "मुलगा काय म्हणाला?"

"काय म्हणतोय! म्या इचारलं, पसंत? मान खाली घालून व्हय म्हणाला." आणि मामा स्वतःच खुशीत कानडीत "हौदु, हौदु", होय होय, करत मान डोलवू लागले.

जेवून मामा लवंडले तेव्हा शिवलिंगप्पा मागच्या दारी आले. "शरणे, मोडू का? मेव्हणा हाय माझा, चार शिव्या दील. तू निस्तं व्हय म्हण."

उमरगाभर साखर वाटली होती. ठरलेलं लग्न मोडलेल्या मुलीला पुन्हा स्थळ मिळत नाही, आणि महादेवीनं तिचं काही वाईट केलं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण ती खाली घातलेली मान होती. "नको, आप्पा," ती म्हणाली.

पुढच्या बाजारच्या दिवशी फटफटी मागच्या दारात आली. शिवलिंगप्पा पुढं दुकानात गिऱ्हाइकांत होते, गल्ली रिकामी होती.

"चिठ्ठीत तुझं अक्षर होतं," महांतप्पा गाडीवरून उतरायच्या आधीच बोलला. "मामांनी वाचून दावली. मी हातात घेऊन बघितली... मला वाटलं, तूच मला दुसरी वाट दावायलीस."

"ती माझ्यासाठी लिहिली होती. मामांनी तुम्हाला पसंत करावं म्हणून. चुकलं माझं. कुणासाठी ते लिहायला मी लाजले." तिचा आवाज स्थिर होता याचं तिलाच नवल वाटलं. "पण तुम्ही विचारायला का आला न्हाय? चाळीस मैल हायत नुसते. तुमच्याकडं फटफटी हाय."

"पेट्रोल कमी होतं," तो म्हणाला. म्हणता म्हणताच ते कसं ऐकू गेलं हे त्यालाही कळलं.

"आता सांग," तो म्हणाला. "तू व्हय म्हण, मी मोडतो."

"मोडायला माझं व्हय पाहिजे. तिथं व्हय म्हणताना माझी आठवण न्हाय झाली?"

"झाली की..."

"मग तर लई वाईट."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला ते पुसावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याचा तिला भयंकर राग आला.

"मला तुम्ही लई आवडलाव," ती म्हणाली. "परत आल्यावर सांगणार होते. आता सांगून टाकलं, मनात उरायला नको. महादेवीला उन्हानं चक्कर येते. तिला नेताना दुपारचा मुक्काम करा."

त्यानं फटफटीला लाथ मारली. ती चालू होईना. पुन्हा मारली, पुन्हा, पाच वेळा, सात वेळा. कपाळावरून घाम गळू लागला. इतक्या मोठ्या बोलण्यानंतर तो तिथं उभा राहून नुसती लाथ मारत होता, आणि जाऊ शकत नव्हता. शरणम्मानं थोडा वेळ बघितलं. मग पदर खोचला, मागं गेली आणि दोन्ही हात टेकून ढकलायला लागली. देवळाच्या उतारावर गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि फटफट सुरू झाली. तिच्या हातांतून सुटून ती पुढं गेली, वळणावर दिसेनाशी झाली, आणि आवाज बराच वेळ येत राहिला.

शिवलिंगप्पा घाईघाईनं दुकानातून आले. तिचे हात तेलानं काळे झाले होते, ती राख घेऊन घासत होती.

"शरणे, कोन आलतं?"

"महादेवीचा नवरा," ती म्हणाली.