लाल शाई आणि पापुद्रा

दरवर्षी नववीच्या वर्गाला मी कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचो. प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो आणि तो निवड करतो. पाण्याला वाट देतो, नको त्याला बाहेर थांबवतो. ताज्या पापुद्र्यावर लाल शाईचा थेंब टाकला तर पेशी शाई आत घेत नाहीत. उकडलेल्या कांद्याच्या मात्र लालभडक होतात. मेल्यावर पडद्याला आपपर राहत नाही, असं मी सांगायचो आणि मुलं हसायची.

१९६१ च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, नर्मदेचा नवरा दत्ताराम मचव्यासकट समुद्रात बुडाला. प्रेत मिळालं नाही. दर्भाचा पुतळा करून तिच्या सासरी, तोंडवलीच्या किनाऱ्यावर त्यालाच अग्नी दिला.

भाऊबिजेला मी नर्मदेकडे जेवायला बसलो होतो. भर दुपारी दत्ताराम अंगणात येऊन उभा राहिला. कपडे ओले होते.

सासू हौसाबाई रडत होती, पण दार अडवून. क्रिया झालेला माणूस परतला तर त्याला दारातून घेत नाहीत. कौलं काढून छपरातून उतरवतात, नव्याने बारसं करतात, मगच तो घरचा. मला हा सगळा खुळचटपणा वाटला. नर्मदेने तर सासूला हाताला धरून बाजूलाच केलं.

“छपरातसून चोर येतत. माझो घोव दारातसूनच येतलो.”

मला तिचा फार अभिमान वाटला.

इतके महिने कुठे होता, ते दत्तारामला सांगता येईना. तो बसेल तिथे ओल राही आणि वाळली की मिठाची पांढरी कड उरे. परसातल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. नर्मदा तांब्यावर तांबे पाणी पिई, तरी सुकत चालली. तिच्या बोटांवर दिवसभर धुणं धुतल्यासारख्या सुरकुत्या पडल्या. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. ती हातची जाते की काय, या धास्तीने माझं शिकवण्यात लक्ष लागेना.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी काचपट्ट्या तयार करत होतो. बाटलीचं बूच काढताना शाई सांडली, माझा अंगठा लाल झाला. साबणानेही डाग निघेना. मान वर केली तर दारात दत्ताराम. आत येऊन तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला.

“उकडलेलो कांदो लाल कित्याक झालो?”

“मेलेलो पडदो कोणाक अडवणा नाय.”

“मगे बरां आसा, मास्तरानू. कोणाक भायर उभ्या रवाक लागणा नाय.”

त्याने शाईच्या थेंबावर बोट टेकलं.

लाली नखाखाली शिरली. कातडीच्या आतून तळव्यात पसरली, मनगटापर्यंत चढली. मी घाईने टिपकागद दाबला. कागद पांढराच राहिला.

तो हात बघून हसला आणि निघून गेला.

मी प्रयोगशाळा उघडीच टाकून आडवाटेने तोंडवलीला धावलो. नर्मदा चुलीशी पेज ढवळत होती.

“चल माझ्यावांगडा. आत्ताच.”

“खंय?”

“आपल्या घराक.”

“ह्या घर न्हय तर काय, दादा?”

मी तिचं मनगट घट्ट धरलं. ते गार होतं, ओलसर.

तिने हळूच हात सोडवून घेतला.

तिच्या मनगटातून लाली कोपराकडे चढत होती. माझा अंगठा स्वच्छ झाला होता.