तलफ

आदिलाबादच्या कापूस बाजारामागच्या गल्लीत एका संस्थेचं ऑफिस आहे. ही संस्था गरिबांच्या पोरींसाठी वसतिगृहं चालवते. कशी चालवते, ते तिथं राहिलेल्या पोरींना विचारावं. हंगामात खिडकी उघडी राहिली की टेबलांवर कापसाचे पांढरे तंतू येऊन बसतात. साहेब लोक ते फुंकून टाकतात. रंजीता मात्र ओल्या फडक्यानं पुसते, कारण फुंकलेलं पुन्हा कागदावरच येऊन बसतं.

रेकॉर्ड रंजीताच्या ताब्यात होतं. कागद आला की नंबर, नंबर पडला की फाईल. फाईल बंद झाली की कापडी बस्त्यात, बस्ता फडताळात, आणि मुदत सरली की संपवायचा. आईबापानं दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून तिला शिकवलं होतं. त्यांच्या आयुष्यात त्यांच्या नावाचा धड एक कागद नव्हता. म्हणून असेल, बस्ता बांधताना ती गाठ हळू मारायची.

तिच्यावर नरसिंगराव होते. महसूल खात्यातून रिटायर होऊन ते इथं आले आणि येताना निजामाच्या वेळचे शब्द घेऊन आले. फाईल म्हणजे मिसल. वरच्यांनी मागवली की ती तलब झाली. नष्ट करायची असली की तलफ झाली.

पावसाळा संपता संपता कागद फाडायचं मशीन आलं. चुरा पोत्यांत भरून निर्मलला जायचा, लाकडी खेळण्यांच्या खोक्यांत घालायला. पहिल्यांदा एका बंद पडलेल्या वसतिगृहाचे सगळे बस्ते तलफ झाले. दुसऱ्या दिवशी रंजीतानं सहज तिथल्या अंगणातल्या चिंचेचा विषय काढला. संस्थेत आल्यावर नरसिंगरावांनी आधी बरीच वर्षं तिथंच काढली होती. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, कोणतं वसतिगृह? ती हसली. ते हसले नाहीत.

वय झालं, असं तिनं मनात म्हटलं. मग भागीरथा आली. ती त्याच वसतिगृहात स्वयंपाकीण होती, कामाचा दाखला मागत होती. काम कुठं केलं ते मात्र तिला सांगता येईना. रंजीतानं गावाचं नाव सांगितलं, तरी नाही. हातावर उकळत्या तेलाचे जुने डाग होते, त्यांच्याकडे ती पाहत राहिली. हे कायचे, असं रंजीतालाच विचारून गेली.

दर सोमवारी तलमडुगुहून रेणुकाबाई यायची. तिची पोरगी प्रगती वसतिगृहात तापानं गेली होती. दवाखाना जवळ होता. कोणी नेलं नाही. आईला निरोप गेला तो सगळं आटपल्यावर. चौकशी व्हावी, एवढंच रेणुकाबाईचं मागणं होतं. ती रडायची नाही, टोमणे मारायची.

"मशीन आनली म्हने तुमी, ताई," एकदा म्हणाली. "पयले तुमच्या सायबाले घाला तिच्यात. मंग कागद."

रंजीतानं तिला पाणी दिलं आणि सांगितलं की प्रगतीची फाईल नीट आहे, माझ्याजवळ आहे. ते खरं होतं.

शेवटी चौकशी लागली, आणि एका सकाळी चौकशीवाल्यांचा फोन नरसिंगरावांनी घेतला. हो सर, हो सर करून ठेवला. मग मान वर न करता म्हणाले, "रंजीता, त्या प्रगतीची मिसल तलफ झाली."

"तलब का तलफ, काका?"

"एकच ते. चहाची तलब म्हन का तलफ म्हन, जीव तर चहाच मांगते ना?" आणि पेन मशीनकडे रोखला.

ही चूक होती की हरामखोरी, ते त्यांनाच ठाऊक. पण रंजीतानं परत विचारलं नाही. वरच्याला दोनदा विचारायचं नसतं, ही शिस्त तिच्या अंगात मुरली होती. फाईलवर प्रगतीचा फोटो टाचलेला होता. टाचणीनं मशीन बिघडतं, म्हणून तिनं आधी टाचणी काढली.

दुपारी जीप आली. चौकशीचा माणूस मिसल न्यायला आला होता. कोणाची, असं नरसिंगरावांनी विचारलं. त्यानं सांगायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. मग चहा पिऊन गेला.

सोमवारी रेणुकाबाई आली, पण आत आली नाही. बाहेरच्या पायरीवर बसली. रंजीता गेली ती सगळं कबूल करायचं ठरवून. "मावशी, तुमची..." म्हणाली, आणि पुढचा शब्दच सापडेना. आता तिच्याही तोंडात जागा होती, शब्द नव्हता.

रेणुकाबाई तिच्याकडे पाहत होती. डोळ्यांत राग नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नव्हता.

"ताई, मी इथं काऊन येत असतो वं?"

रंजीता पायरी उतरून तिच्याजवळ आली.

"कायची तरी तलफ लागते बगा. भाकर खाल्ली, तंबाखू खाल्ला. जात नाही. कायची हाय, तेच समजून नाही राह्यलं."

"घरी कोन हाय, मावशी?"

"कोनी नाही. पयलेपासून एकटीच हाव मी."

ती पाय फाकवून बसली होती. बोलता बोलता तिचे हात पुढं आले आणि हवेत हलू लागले. तीन पेड. डावा वर, उजवा वर. बोटं सराईत होती, मध्येच घट्ट ओढत होती.

"हालू नोको," ती हळूच म्हणाली. मग दचकली, हात पदरात पुसले आणि बसस्टँडकडे चालू लागली.

रंजीता तिच्या जागी बसली. बाजारात कापसाचे ट्रॅक्टर ओळीनं उभे होते, लख्ख ऊन होतं.

तिच्या गुडघ्यांना कोणीतरी पाठ टेकली.

वजन फारसं नव्हतं. मान मागं झाली, वेणी घालून घ्यायला बसलेल्या पोरीची होते तशी.

रंजीतानं हात पुढं केले. बोटांना केस लागले. दाट, घामानं भिजलेले.

तिनं तीन पेड केले.

हाक मारावी असं फार वाटत होतं. कोणत्या नावानं, ते आठवेना.

बोटांखाली ताप चढत होता.